खान्याचा बिगूल

आमच्या घरात जेवायला हाक मारायची एक रीत होती. आधी ताटं वाढायची. भाकरी, भात, खट्टी डाळ, कांदा, त्या दिवशी असेल ते कालवण, सगळं ताटात पडलं पाहिजे, पाण्याचे पेले भरलेले पाहिजेत, आणि मगच हाक मारायची. ‘डाळीला एक उकळी येतेय, तोवर हात धुऊन बसा’ असं आमच्याकडे कुणी म्हणायचं नाही. मोहल्ल्यातल्या बाकीच्या बाया चुलीपुढूनच गल्लीत खेळणाऱ्या पोरांच्या नावानं ओरडायच्या, आणि पोरं येऊन ताटल्या बडवत बसायची. आमची अम्मी मात्र सगळं वाढून घ्यायची, प्रत्येक ताटावरून एकदा नजर फिरवायची आणि दारात येऊन हळूच म्हणायची, “आ जाओ.” त्यामुळे आमचं जेवण नेहमी थोडं निवलेलं असायचं. तव्यावरची गरम भाकरी खायची माझी हौस लग्नानंतर सासरी भागली. लहानपणी मला वाटायचं, ही आपल्या धर्माचीच रीत असणार. मग एकदा मैत्रिणीच्या घरी जेवायला गेले. तेही आमच्यातलेच, पण तिथे अर्धा तास जेवायला अंथरलेल्या रिकाम्या दस्तरखानापुढे बसून राहिले, तेव्हा कळलं की ही रीत धर्माची नाही, फक्त आमच्या घराची आहे. ती कुठून आली ते मात्र कळायला आणखी बरीच वर्षं जावी लागली.

माझ्या वडिलांचं नाव शेख गफूर. आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो. गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक बँडवाला होता, त्याच्याकडे ते ट्रम्पेट वाजवायचे. लग्नसराईत आमचं घर पितळेच्या वासानं भरून जायचं, कारण दुकानातली वाद्यं घासायला घरी यायची आणि ती घासायचं काम माझं आणि भावाचं. चिंच आणि राख. अजूनही चिंचेचं पाणी केलं की मला आधी पितळ आठवतं आणि मग चटणी. अब्बांचे पुढचे दात फार लवकर गेले. हिरड्या जंगलातच सडल्या होत्या असं ते म्हणायचे, आणि कुठलं जंगल असं विचारलं तर दुसरीकडे बघायचे. कवळी बसवून काही वर्षं त्यांनी रेटलं. मग एका वरातीत, नवरदेवाच्या घोड्यापुढे, ऐन रंगात आलेल्या गाण्यात ती कवळी सुटून रस्त्यावर पडली. लोक पोट धरधरून हसले. अब्बा खाली वाकले, कवळी उचलून खिशात घातली आणि सरळ घरी आले. त्यानंतर त्यांनी वरातीत वाजवलं नाही. दुकानात बसून ते गणवेशांना इस्त्री करायचे आणि नव्या पोरांना फुंक शिकवायचे. घरात खुंटीला एक जुना बिगूल टांगलेला होता. जुन्या बाजारातून आणलेला, एका बाजूनं चेपलेला. तो घासायचं काम आमचं नव्हतं. तो ते स्वतः घासायचे आणि परत टांगायचे.

अब्बा सैनिक होते हे आम्हाला माहीत होतं, पण ते असं की जसं एखाद्याला माहीत असतं आपल्या आजोळी पूर्वी घोडा होता. पोरवयात ते निजामाच्या पायदळात बिगूल वाजवायला लागले. मग त्यांची पलटण इंग्रजांच्या दिमतीला मलायात गेली, सिंगापुरात इंग्रजांनी हत्यारं टाकली आणि सगळे जपान्यांचे कैदी झाले. त्या कैद्यांतूनच मग एक फौज उभी राहिली, इंग्रजांशी लढून आपला मुलूख सोडवायला निघालेली. अब्बा तिच्यात गेले. ते तिला ‘अपनी फौज’ म्हणायचे. दुसरं नाव मी त्यांच्या तोंडून ऐकलं नाही. ती फौज इंफाळपर्यंत आली आणि तिथून पावसात, उपाशी, मागे फिरली, एवढं मी शाळेच्या पुस्तकात वाचलं. पुस्तकात त्याला दीड ओळ होती. पुढे इंग्रजांनी त्यांना पकडलं, चौकशा केल्या आणि बडतर्फ करून घरी पाठवलं. देश स्वतंत्र झाला तरी नव्या सैन्यानं त्यांना परत घेतलं नाही, का तर तुम्ही एकदा शपथ मोडलेली माणसं. हल्ली कुणी कौतुकानं मला म्हणतं, “तुमचं मराठी किती छान आहे हो!” तेव्हा मला राग येतो. मी इथे जन्मले, इथल्या शाळेत शिकले, माझं मराठी छान नसायला काय झालं? पण अब्बांना असला राग कधी आला नाही. त्यांच्या वाट्याला राग कमी आणि दुसरंच काहीतरी जास्त आलं होतं.

ते काय होतं त्याची पहिली झलक मला जालन्याच्या फुफीमुळे मिळाली. फुफी म्हणजे अब्बांची बहीण, आवाजानं भक्कम आणि स्वयंपाकात घाईची. एका ईदेला ती आली आणि अम्मीला म्हणाली, तू बस, आज मी बघते. शीरखुर्मा झाला होता, पण बिर्याणीचा दम अजून बाकी होता. फुफीनं दस्तरखान पसरला, रिकाम्या ताटल्या मांडल्या आणि अंगणात जाऊन खणखणीत आवाजात ओरडली, “चलो रे, खाना तय्यार! सब आ जाओ!” आम्ही पोरं धावत आलो. अब्बा आले, बसले, आणि त्यांनी ताटलीकडे पाहिलं. रिकामी. मग शेजारच्या ताटलीकडे पाहिलं, मग पुढच्या. ते उठले आणि चप्पल न घालता घराबाहेर पडले. भाऊ त्यांच्या मागे गेला. अब्बा खाम नदीच्या पुलाच्या कठड्याला धरून उभे होते. त्या ईदेला बिर्याणी कुणालाच गोड लागली नाही. फुफी अम्मीला रडत विचारत होती, “मैंने क्या बोला गे?” अम्मी म्हणाली, “मेरेकू भी नई मालूम. शादी के पहले हफ्ते में बोले थे, थाली भरे बगैर किसी कू बुलाना नक्को. मैं तब से पूछी नई.” अम्मी अशीच होती. सांगितलेलं पाळायची आणि न सांगितलेलं विचारायची नाही. मी तशी नाही, हे या पानांवरून कळतच असेल.

आमच्या घरी येणारा अब्बांचा एकच दोस्त होता, वैजापूरचे किसनकाका. ते तिथल्या मार्केट यार्डात मापाडी होते, म्हणजे आलेल्या कापसाचं, कांद्याचं वजन करून द्यायचं त्यांचं काम. फौजेत ते खेचरं हाकायचे. दोघांची गाठ सिंगापूरच्या कैदखान्यात पडली. हजारो माणसांत कुणीतरी “आयला, लई उकडतंय” म्हणालं आणि अब्बा त्या आवाजाच्या दिशेनं गर्दीतून वाट काढत गेले. ही गोष्ट काका दरवेळी सांगायचे आणि दरवेळी पोटभर हसायचे. सुगी सरली की ते यायचे, खांद्यावर कांद्याचं पोतं आणि फडक्यात बाजरीचं पीठ घेऊन. अम्मी त्या दिवशी खिचडी, चिंचेचा खट्टा आणि आंबाडीची भाजी करायची. काका आणि अब्बा एका ताटात जेवायचे. इंग्रजांच्या पलटणीत हिंदूची चूल वेगळी, मुसलमानाची वेगळी, पाण्याची पिंपंसुद्धा वेगळी. अपनी फौजेत एकच लंगर होता. “एकदा एका ताटात जेवल्यावर परत येगळं बसायचं म्हंजी उलटं चालायचं झालं,” काका म्हणायचे. गावात त्यांना यावरून बोल लागायचे, ते त्यांनी कधी मनावर घेतले नाहीत. जेवण झालं की ते अब्बांना म्हणायचे, “गफूर, वाजव की एखांदा.” अब्बा नुसत्या ओठांनी, बिगुलाशिवाय, पहाटे उठायचा बिगूल गुणगुणायचे, कूच करायचा गुणगुणायचे, झेंडा उतरवायचा गुणगुणायचे. प्रत्येक बिगुलाला जवानांनी बोल बसवले होते, ते काका म्हणायचे. शेवटी काका हळूच सुरुवात करायचे, “दाल है, रोटी है, आ जा मेरे यार...” की अब्बा गप्प. तिथे मैफल संपायची. काका नुसते हसायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे.

मी दहावी होऊन घरी बसले होते त्या वर्षी काका सुगी सरूनही आले नाहीत. यार्डातला एक ट्रकवाला निरोप घेऊन आला की काकांच्या पोटात पाणी झालंय, डॉक्टरनं हात टेकलेत, आणि त्यांनी सांगितलंय की गफूरला म्हणावं बिगूल घेऊन ये. अब्बांना तेव्हा मोतीबिंदू होता, एस.टी.ची पाटी वाचता यायची नाही, म्हणून मला बरोबर घेतलं. बिगूल अम्मीनं शिवलेल्या पिशवीत होता. सगळ्या वाटेत तो त्यांच्या मांडीवर होता आणि ते पिशवीवरूनच त्याच्या चेपलेल्या बाजूवर बोट फिरवत होते.

काका पडवीत बाजेवर होते. पोट तेवढं मोठं आणि बाकीचा माणूस संपलेला. त्यांची बायको, गयाकाकू, पायाशी बसून वारा घालत होती. मला बघून काका म्हणाले, “पोरगी मोठी झाली की रं.” आणि मग लगेच, “आणला का बिगूल?”

“आणलाय,” अब्बा म्हणाले. “कुठला वाजवू? सकाळचा?”

“आता उठून कुठं जायचंय मला? खान्याचा वाजव.”

अब्बा म्हणाले, “तो सोडून सांग.”

“त्योच पायजे. म्या मेल्यावर कुणी सरकारी माणूस बिगूल घिऊन येनार हाय का? नाय येत. आपुन त्यांच्या हिशोबातच नाय. तू एकटा हाईस. मग माझ्या आवडीचा वाजव.”

“किसन, तो परत वाजवायचा नाही अशी शपथ घेतलीय मी.”

काका खोकले. काकूनं पाणी दिलं. “शपथ! एक आपुन इंग्रजाची घेतली, ती मोडली. दुसरी आपल्या फौजंची घेतली, ती पाळली. ही तिसरी तू एकट्यानंच घेतली, मला इचारलं बी नाय.” मग त्यांनी मान माझ्याकडे वळवली. “पोरी, तुझ्या बापानं सांगितलं का तुला?”

अब्बा म्हणाले, “किसन, नको.” पण ते उठून गेले नाहीत, आणि काकांनी सांगितलं.

माघारीतली गोष्ट. पाऊस थांबत नव्हता. वाटेच्या दोन्ही बाजूंच्या नाल्यांत माणसं पडली होती, कुणी तापानं, कुणी हगवणीनं. पोटात रानातला पाला, तोही मिठाशिवाय उकडलेला. चिंदविन नदी पुढे होती आणि उजाडायच्या आत ती ओलांडली नाही तर इंग्रजांची विमानं येऊन सगळ्यांना टिपणार होती. संध्याकाळ होत आली तशी तुकडीच्या साहेबांनी अब्बांना सांगितलं, कूचचा बिगूल दे. अब्बांनी दिला. कुणी हललं नाही. परत दिला. एकानं नुसते डोळे उघडले. साहेब म्हणाले, काहीही कर, पण यांना उठव. तेव्हा अब्बांनी खान्याचा बिगूल वाजवला. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनाच सुचलं.

“आनि पोरी, उठले सगळे,” काका म्हणाले. “मेलेत म्हनून ज्यांना सोडलं हुतं, ती बी उठली. ज्याच्याकडं डबा हुता त्यानं डबा घेतला, नव्हता त्यानं पान घेतलं झाडाचं. रांग लागली. सरळ, कवायतीवानी. म्या बी त्या रांगंत. पाऊस डब्यात पडून टपटप वाजत हुता आनि आमाला वाटलं, वाढायला सुरू झालं.”

पुढे काही नव्हतं. लंगर नव्हता, तांदूळ नव्हता. रांगेत सगळ्यात पुढे मलायातल्या रबराच्या मळ्यावरचा एक तमीळ गडी होता. त्यानं डबा अब्बांपुढे धरला आणि विचारलं, “सापाडु?” सापाडु म्हणजे जेवण. अब्बांनी नाही म्हणून मान हलवली. तो गडी तिथेच खाली बसला. त्याच्यामागचे काही बसले. साहेबांनी ओरडून, ढकलून जे उभे होते त्यांना चालतं केलं. बसले ते उठले नाहीत.

“त्यांना मी मारलं,” अब्बा म्हणाले. आवाज अगदी रोजचा होता, इस्त्री झाली म्हणून सांगावं तसा. “झोपेत गेले असते. मी त्यांना जेवायला म्हणून उठवलं.”

“आनि मला? मला कुनी उठवलं? म्या कूच ऐकलंच नव्हतं. म्या खान्याचं ऐकलं. उभा राह्यलो म्हनून चाललो. ही बायकू, हा लेक सोपान, त्याची पोरं, ही समदी त्या बिगुलानं हाईत.”

“तू उठलास. त्यांचं काय?”

“ते मरनारच हुते, गफूर. नाल्यात मेले असते. रांगंत मेले. मानूस रांगंत मेलेलं बरं.”

अब्बांनी पिशवी उचलली, अंगणात गेले आणि गोठ्याच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मला वाटलं, आता काढतील. मी मनात म्हणत होते, काढा, अब्बा, काढा. काका छताकडे बघत वाट पाहत होते. वासरू हंबरलं, कुणाच्या तरी घरात रेडिओ लागला, आणि अब्बा परत आत आले ते तसेच. “किसन, मला जमत नाही,” ते म्हणाले. काकांनी डोळे मिटून घेतले. तसेच म्हणाले, “जा मग. बस चुकंल.” एवढ्या वर्षांच्या दोस्तीचा हा शेवटचा शब्द. मला तेव्हा अब्बांचा संताप आला होता. मरणाऱ्या माणसानं मागितलं काय, तर दोन फुंका, आणि त्याही द्यायच्या नाहीत? आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयाच्या पुढे गेलंय, आणि आता मला संताप येत नाही. नुसतं वाईट वाटतं, दोघांचंही.

काका गेल्याचं आम्हाला उशिरा कळलं, तोवर जाळणं झालं होतं. अब्बा दोन दिवस दुकानात गेले नाहीत. मी अम्मीला सगळं सांगितलं. ती पीठ मळत होती. मळायची थांबली आणि परातीकडे बघत राहिली. एवढी वर्षं तिनं आमची ताटं कशासाठी आधी वाढली ते तिला त्या दिवशी कळलं. मग हात धुऊन अब्बांपुढे जाऊन बसली.

“तुम्हारी शर्त क्या है?” तिनं विचारलं. “थाली पहले, बुलावा बाद में. हौ ना?”

अब्बांनी मान हलवली.

“उनके यहां दसवें कू नदी पे थाली लगाते. भरी हुई. पड़ोस की सुमनबाई के यहां देखी मैं. थाली लगाके कव्वे कू बुलाते, वो खाया तो समझते मय्यत खाई. फिर तुमकू कायका डर? इस बार खाना सच्ची में रहेगा.”

अम्मीनं आयुष्यात एवढं लांब बोललेलं मी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. अब्बांनी खुंटीवरचा बिगूल काढला.

मग सुरू झाला तो सराव. दात नाहीत, कवळीवर ओठ टिकत नाहीत. बँडवाल्यानं वरच्या ओठाआड मेणाची पट्टी धरायची युक्ती सांगितली. अब्बा गच्चीवर जाऊन फुंकायचे आणि खाली नुसती हवा ऐकू यायची, मधूनच एखादी किंकाळी. खान्याचा बिगूल त्यांनी एकदाही वाजवला नाही. एकेक सूर सुटा काढायचे, जोडायचे नाहीत. मोहल्ल्यातले लोक आधी हसले, मग वैतागले, आणि मग अम्मी दारात उभी राहून बघायला लागली तसे गप्प झाले. मेणावर रोज रक्त असायचं.

दहाव्याला आम्ही पहाटेच्या एस.टी.नं निघालो. मुसलमान माणूस आणि त्याची पोरगी दहाव्याच्या घाटावर कशाला, असं काही नजरांनी विचारलं, पण गयाकाकूनं मला हाताला धरून बायकांत बसवलं. सोपाननं डोकं भादरलं होतं. विधी झाले. धोंड्यावर ताट मांडलं. बाजरीची भाकर, वांग्याची भाजी, भात, गूळ, फोडलेला कांदा. सगळे मागे सरकले. समोर बाभळीवर कावळे होते, चांगले सात-आठ. एक खाली आला, ताटाभोवती फिरला आणि परत जाऊन बसला. सोपान हात जोडून बापाला म्हणाला, “दादा, आईला अंतर देनार नाय.” कावळा येईना. पुतण्या म्हणाला, “भावकीत भांडान करनार नाय.” कावळा येईना. ऊन चढलं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. माणसाचं काहीतरी राहिलंय म्हणून कावळा शिवत नाही, असं माझ्या शेजारच्या म्हातारीनं मला समजावून सांगितलं. मला ते समजावून सांगायची गरज नव्हती.

अब्बा उठले. चाचपडत ताटापाशी गेले आणि मोतीबिंदूच्या डोळ्यांनी अगदी वाकून प्रत्येक पदार्थ पाहिला. मग बायकांकडे वळून विचारलं, “वहिनी, सगळं वाढलंय ना? काही राहिलं नाही ना?”

“समदं वाढलंय, भाऊजी,” काकू म्हणाली.

अब्बांनी ओठाआड मेण बसवलं, टाचा जुळवल्या आणि बिगूल लावला. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा सूर फुटला, चिरका, पण फुटला. मग तो बिगूल सगळा आला, मी आयुष्यात कधी न ऐकलेला, दाल है, रोटी है, आ जा मेरे यार. नाचऱ्या चालीचा होता तो. अशा चालीवर माणसं धावत येत असतील यात नवल नव्हतं. तो नदीवर गेला, पलीकडच्या काठाला लागून परत आला, आणि बाभळीवरचे सगळेच्या सगळे कावळे एकदम उडाले आणि नदी ओलांडून दिसेनासे झाले.

मग गलका उठला. “आरं काय केलं हे!” “हातचा कावळा घालवला!” सोपान रागानं अब्बांपुढे आला, “चाचा, तुमाला काय कळतं का नाय? आता माझा बाप उपाशी राह्यला ना!” अब्बा बिगूल छातीशी धरून उभे होते. ओठातून रक्त हनुवटीवर आलं होतं. सगळं आयुष्य वरातीत आणि फौजेत वाजवलेल्या माणसाच्या हे ध्यानातच आलं नव्हतं की बिगुलानं माणसं येतात आणि पाखरं जातात. माझ्याही नाही, अम्मीच्याही नाही. मला वाटलं जमिनीनं मला पोटात घ्यावं. भटजी म्हणाले, असू द्या, यावर उपाय आहे, दर्भाचा कावळा करून शिववू, आणि त्यांनी दर्भ हातात घेतला.

तेव्हा गयाकाकू उठली. दहा दिवसांत बाई निम्मी झाली होती, पण आवाज स्वच्छ होता. “दर्भाचा कावळा नगं,” ती म्हणाली. “जायच्या आदल्या दिशी मला म्हनले, गफूर बोलावंल. त्यानं बोलावल्याबिगर म्या जेवत नसतो. आता बोलावलं भाऊजींनी. जेवले ते.” ती ताटापाशी गेली आणि स्वतःच्या हातानं ते उचललं. “गाईला घाला हे.” सोपाननं ताट तिच्या हातातून घेतलं. भावकीतले काही जण मात्र न जेवता निघून गेले, आणि पुढे त्या घरात काही वाईट झालं की नाव आमच्या बिगुलावर आलं, असं मी नंतर ऐकलं.

परतीच्या एस.टी.त मला हलकं वाटत होतं. मला वाटलं, झालं, सुटले अब्बा. काकांची इच्छा पुरी झाली, ताट भरलेलं होतं, कुणाची फसवणूक झाली नाही. मी त्यांना तसं म्हणाले, थोड्या फुशारकीनंच, जणू सगळं मीच घडवून आणलं होतं. माझं लहान वय होतं, मला वाटायचं एकदा नीट झालं की झालं. अब्बा खिडकीबाहेर बघत होते. त्यांना बाहेरचं काही दिसत नव्हतं हे मला माहीत होतं. तोंड न वळवता ते म्हणाले, “आज एकाचंच ताट होतं, जुबी. बाकीचे अजून रांगेत उभे आहेत.”

आता माझा मुलगा वाळूजला कंपनीत आहे, शिफ्टहून कोणत्याही वेळी येतो. त्याची बायको म्हणते, अम्मी, ते आल्यावर गरम करू, आधीच कशाला वाढता? मी वाढून ठेवते. ती मला हट्टी म्हणते आणि ते खरंच आहे.

दहाव्याच्या त्या संध्याकाळी आम्ही घरी पोचलो तर अम्मीनं ताटं वाढून ठेवली होती. डाळ, भात, आंबाडी, पाण्याचे पेले. तिनं अब्बांच्या सुजलेल्या ओठाकडे पाहिलं, वाजला की नाही ते तिला विचारावं लागलं नाही. ती दारात आली आणि हळूच म्हणाली, “आ जाओ.” अब्बा हात धुऊन बसले. पहिला घास हातात घेतला आणि तसाच धरून त्यांनी विचारलं, “घर में थालियां कित्ती हैं?”

“छे हैं,” अम्मी म्हणाली. “कायकू?”

अब्बांनी मान हलवली आणि जेवायला सुरुवात केली.